एक नग सुखी स्थानिक कुटुंब

आमच्या इमारतीत प्रत्येकाकडे मिरवायला काही ना काही आहे. पहिल्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांकडे गाडी आहे. समोरच्या काकूंकडे दोन्ही बाजूंनी वारा येणारी गॅलरी आहे, आणि त्या वाऱ्याबरोबर येणाऱ्या सगळ्या गावाच्या बातम्या आहेत. आमच्या डोक्यावर राहणाऱ्या पाहुण्यांकडे हसू आहे. माझ्याकडे काय आहे म्हणाल, तर मी इथला आहे. बस्स. पण ते काही थोडंथोडकं नव्हे. माझे वडील इथले, आजोबा इथले, आणि इथल्या रस्त्यांवरचे खड्डे तर मी त्यांच्या लहानपणापासून ओळखतो. विमा कंपनीत दिवसभर लोकांचे दावे नाकारून संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाला अशी एखादी मिळकत लागतेच.

पाहुणे हे आडनाव नव्हे. कुठून तरी लांबून आलेलं हे कुटुंब चारेक वर्षांपूर्वी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलं, तेव्हा मीच त्यांना हे नाव दिलं. म्हणजे त्यांना जायची आठवण राहील, हा हेतू. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, बायको दवाखान्यात रक्त तपासते आणि त्यांची छोटी मुलगी आमच्या छतावर उड्या मारते. रोज संध्याकाळी ही तिघं हसतात. कशाला हसतात हे मी बराच अभ्यास करूनही समजू शकलो नाही. दोन खोल्या, भाड्याच्या, त्यातली एक गळकी. हसण्यासारखं त्यात काय आहे?

अशा वेळी पालिकेच्या जनसुख विभागाचं पत्र आलं. चौकातल्या बसथांब्यावर विभाग एक भलामोठा फलक लावणार होता. त्यावर दोन कुटुंबांचे फोटो. एक सुखी स्थानिक कुटुंब आणि एक बाहेरून येऊन सुखी झालेलं कुटुंब. दोन्ही प्रकार एकाच इमारतीत उपलब्ध असल्याचं आमच्याबद्दल विभागाला कळलं होतं, सबब ‘एक नग सुखी स्थानिक कुटुंब’ आणि ‘एक नग सुखी स्थलांतरित कुटुंब’ आम्ही पुरवावं, अशी विनंती होती.

दुसऱ्या नगाचा प्रश्नच नव्हता. पाहुणे बसल्या जागी तयार होते. पहिल्या नगासाठी जिन्यात सभा भरली. वकीलसाहेबांनी पुढचे दात नुकतेच काढून घेतले होते, त्यामुळे त्यांचं सुख तोंड मिटूनच दाखवावं लागलं असतं. काकू एकट्या राहतात, आणि एकट्या माणसाला कुटुंब म्हणता येत नाही. गच्चीखालच्या नवरा-बायकोचं एकमेकांशी बोलणं बंद आहे, ते का बंद आहे याबद्दल मात्र दोघंही भरभरून बोलतात. उरलो आम्ही. मी, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. मी मान खाली घालून ‘आता तुमचा आग्रहच असेल तर’ असं म्हणालो. आग्रह कोणी केलेला नव्हता, पण सभा संपत आली होती.

“आपण सुखी आहोत?” रात्री जेवताना बायकोने विचारलं. खवचटपणे नव्हे, अगदी माहिती म्हणून.

“तो मुद्दा नाही,” मी म्हणालो. “आपण स्थानिक आहोत. सुख काय, फोटोपुरतं आणता येतं.”

ते आणण्यासाठी अख्खी इमारत कामाला लागली. काकू म्हणाल्या, फोटोत मोठ्याने हसू नका, स्थानिक माणूस मंद हसतो. वकीलसाहेब म्हणाले, फार सुखी दिसू नका, पालिका घरपट्टी वाढवेल. पण कमी सुखीही दिसू नका, शेजारच्या फोटोत पाहुणे आहेत, अब्रूचा प्रश्न आहे. म्हणजे पाहुण्यांपेक्षा किंचित जास्त आणि घरपट्टीपेक्षा किंचित कमी, एवढ्याच मापाचं सुख मला चेहऱ्यावर धरायचं होतं. मी आरशासमोर सराव सुरू केला. मुलीने दारातून पाहिलं आणि दंतवैद्याचा नंबर आणून दिला.

मग केस कापायला गेलो. न्हाव्याला उत्साहाने सगळं सांगितलं, तेव्हा त्यालाही स्फुरण चढलं आणि बोलता बोलता त्याने एका बाजूचे केस जरा जास्तच कमी केले. ते जुळवायला दुसऱ्या बाजूचे कापले. अशी समता साधता साधता माझं डोकं उकडलेल्या बटाट्यासारखं झालं. नवीन शर्टाची कॉलर इतकी कडक निघाली की मान वळवायची तर अख्खं अंग वळवावं लागे. बायकोने निळी साडी काढली, काकूंनी ती नापास केली, स्वतःची आणून दिली आणि ती नेसल्यावर “ही मला जास्त शोभते” असं म्हणत परत नेली.

फोटोग्राफर आला तो आधी वर गेला. पाहुण्यांचा फोटो चहा उकळेपर्यंत झालासुद्धा. झालं असं, की त्यांच्या छोटीने कॅमेऱ्यासमोर फोटोग्राफरची टोपी घातली, ती तिच्या नाकापर्यंत आली, तिघंही हसले आणि याने बटण दाबलं. ना तयारी, ना कॉलर. याला काय फोटो म्हणायचं?

आमच्याकडे त्याची दुपार गेली. आमच्या सोफ्याचा एक पाय मोडका आहे, त्याखाली विटा आहेत. स्थानिक कुटुंबाच्या सोफ्याखाली विटा दिसू नयेत म्हणून मी त्या काढल्या आणि त्या कोपऱ्यावर स्वतः तोल सावरत बसलो. “सहज बसा काका,” तो म्हणाला. विटांच्या जागी स्वतःचे पाय देऊन बसलेल्या माणसाला सहज बसता येत नाही, हे त्याला सांगायला तोंड उघडलं की तो म्हणे, “नको, तोंड मिटा.” मुलगी फोनमध्ये. बायकोला सारखं वाटे की गॅसवर काहीतरी आहे. शेवटी सगळं जमलं, मी ते नेमक्या मापाचं सुख चेहऱ्यावर आणलं, आणि वर पाहुणे खदाखदा हसले. मी छताकडे पाहिलं. बायकोने खिडकीबाहेर पाहिलं. मुलगी फोनकडे पाहतच होती. त्याच क्षणी बटण दाबलं गेलं.

“पुन्हा घ्या,” मी म्हणालो.

“छे, छे,” तो सामान आवरत म्हणाला. “यात भाव आहे.”

उद्घाटनाला आम्ही सहकुटुंब गेलो. पालिकेचे उपाध्यक्ष आले, पडद्याची दोरी ओढली गेली, ती अडकली, आमच्या लिफ्टवाल्या पाहुण्यांनीच वर चढून ती सोडवली. पडदा पडला. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, आणि मग फलक वाचला.

टोपीतल्या छोटीच्या आणि हसणाऱ्या पाहुण्यांच्या खाली हातभर अक्षरांत लिहिलं होतं, ‘पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. सुखी स्थानिक कुटुंब.’ आणि छताकडे पाहणारा मी, खिडकीकडे पाहणारी बायको नि फोनमध्ये बुडलेली मुलगी यांच्या खाली, ‘दुरून आले, हळूहळू रुळताहेत.’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात उपाध्यक्ष माझ्या फोटोसमोर थांबले आणि हळहळले. “पाहा, नजर कशी वर लागली आहे. घर सोडून आलेल्या माणसाची नजर.” मी पुढे होऊन ओरडणार होतो, पण कॉलरमुळे वळेपर्यंत ते गाडीत बसले होते.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून जनसुख विभाग गाठला. तिथले कारकून जनतेच्या सुखात इतके बुडालेले होते की त्यांनी बराच वेळ वर पाहिलंच नाही.

“फलक उलटा लागलाय,” मी म्हणालो.

“डोकी वर, पाय खाली आहेत ना?”

“तसा उलटा नाही. मी इथला आहे आणि मला बाहेरचा लिहिलंय.”

“तुम्ही इथले कशावरून?”

आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न मला कोणी विचारला होता. दुसऱ्यांना मी तो कित्येकदा विचारला आहे, त्यामुळे तो इतका लागतो याची कल्पना नव्हती. “अहो, माझा जन्म इथला!”

“दाखला?”

“ज्या प्रसूतिगृहात जन्मलो, ते पाडून त्या जागी तुमचं हे ऑफिस बांधलंय. मी कदाचित या टेबलाच्या जागीच जन्मलो असेन.”

त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. “इथे जन्मला असतात तर आमच्याकडे नोंद असती. नाही.”

“पण मुळात कोणी ठरवलं की ते इथले आणि आम्ही बाहेरचे?”

“चेहरे पाहून ठरवलं. फोटो नावाशिवाय आले होते. विभागाच्या धोरणानुसार स्थानिक जनता सुखी असते. एक फोटो सुखी होता, तो स्थानिक. दुसरा तुमचा.” हे सांगताना त्यांच्या आवाजात जराही दुष्टावा नव्हता. उलट त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, “तक्रार. लिहून. द्या. कळतंय ना? मदत लागली तर सांगा. नवीन जागी होतं असं.”

मी तक्रार दिली. वकीलसाहेबांना विचारलं, बदनामीचा दावा लावता येईल का? ते बराच वेळ जबडा चोळत राहिले. म्हणाले, “लावता येईल. पण ‘बाहेरचा’ म्हणणं ही बदनामी आहे असं सिद्ध केलंत, तर तुम्ही पाहुण्यांची चार वर्षं बदनामी करताय हेही सिद्ध होईल.” तो विषय मी तिथेच सोडला.

पुढच्या आठवड्यात मी फळवाल्याकडे गेलो. हा फळवाला मला वर्षानुवर्षं वरून ताजी आणि खालून सडकी फळं घालत आला आहे, आणि मीही ती हक्काने घेत आलो आहे. त्या दिवशी त्याने माझ्याकडे पाहिलं, मग चौकातल्या फलकाकडे पाहिलं. पिशवीत टाकलेली फळं परत काढली आणि चांगली निवडून भरली. “नव्या माणसाला फसवू नये,” तो पुटपुटला. मग मोठ्याने, “रुळलात का?”

मला संताप यायला हवा होता. आलाही. पण फळं गोड निघाली.

मग हे वाढतच गेलं. बसचा कंडक्टर माझा थांबा आला की हाक मारू लागला. बँकेतल्या बाई, ज्यांनी आजवर मला काचेतून फक्त ‘पुढच्या खिडकीत’ एवढंच म्हटलं होतं, त्या बाहेर येऊन खुर्ची देऊ लागल्या. एक आजी मला बसथांब्यावरून थेट माझ्याच गल्लीत घेऊन आल्या, इमारत दाखवली, जिना कुठे आहे ते सांगितलं आणि डोक्यावरून हात फिरवला. न्हाव्याने केलेल्या अवस्थेत त्या डोक्यावरून कोणी हात फिरवेल असं मला वाटलं नव्हतं. मी जिन्यात उभा राहून चक्क डोळे पुसले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. या गावात इतकी वर्षं राहिलो, पण कसे आहात, जमतंय ना, असं मला कोणी विचारलं नव्हतं. इथल्या माणसाला इथे कसं वाटतं हे कोण विचारणार?

घरात तर निराळंच चाललं होतं. बायकोला सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांनी आपल्यात बोलावलं. त्याच बायका, ज्या तिला रोज जिन्यात, दुकानात, गिरणीत दिसत आणि नुसती मान हलवत. आता त्या तिला बागेत नेत, गावातला चांगला शिंपी सांगत, घरी बोलावत. बायकोने पांढरे बूट घेतले. ती गुणगुणू लागली. आमच्या घरात गुणगुणणं म्हणजे नळ गळतोय असं समजून मी दोनदा मोरी तपासली.

“ही फसवणूक आहे,” एके दिवशी मी तिला म्हणालो. “आपण इथले आहोत. तू त्यांना सांगत का नाहीस?”

ती बुटांची नाडी बांधत होती. “तुम्ही इथले. मी कुठे इथली आहे? लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला एकाही माणसाची ओळख नव्हती. बाजार कुठे, दवाखाना कुठे, काही ठाऊक नव्हतं. कोणी विचारलं रुळलीस का म्हणून? तुम्ही विचारलंत?”

मी आठवून पाहिलं. मी तेव्हा तिला आमचे खड्डे दाखवले होते, एवढं आठवलं. ती फिरायला गेली. त्या दिवशी ऑफिसात माझ्याकडून दोन दावे मंजूर झाले.

इकडे वरचं हसणं कमी झालं होतं. आधी मला ते जाणवलं नाही. कान दुखायचा थांबल्यावर कान आहे हे आपण विसरतो, तसं. मग जिन्यात पाहुणे भेटले. चेहरा ओढलेला, कपाळावर आठ्या, हातात कागदांचं भेंडोळं. स्थानिक म्हणून त्यांना गटाराच्या समितीत घेतलं होतं. पाण्याच्या समितीत घेतलं होतं. गावाचा दर्जा कसा घसरला यावर दोन ठिकाणी भाषण द्यायला लावलं होतं. ज्याची नाली तुंबे तो रात्रंदिवस त्यांचं दार वाजवी, कारण पिढ्यान्‌पिढ्या इथलेच असणाऱ्यांना नाली माहीत असायला हवी. फळवाला त्यांना खालून सडकी फळं घालत होता.

“काका, काय या बसेस!” ते कठड्याला टेकून म्हणाले. “पूर्वी असं नव्हतं हो.”

“पूर्वी म्हणजे कधी?”

ते विचारात पडले. “पूर्वी,” ते म्हणाले, आणि उसासा टाकून वर गेले. उसासा थेट माझा होता. तो टाकायला मला आयुष्य लागलं होतं, या माणसाने काही महिन्यांत उचलला. मला त्यांची दया आली. खरं सांगायचं तर आधी मजा वाटली, मग दया आली.

आणि एका सकाळी तक्रार मंजूर झाली. मी ती दिली होती हेही मी विसरलो होतो. पालिकेचा रंगारी शिडी घेऊन चौकात आला, मागोमाग ते कारकून आले, आणि त्यांच्यामागे, लिफ्ट अर्ध्या मजल्यावर तशीच सोडून, पाहुणे धावत आले. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी आशा दिसत होती. फळवाला गाडी सोडून आला. बागेतून परतणाऱ्या बायकांचा घोळका थांबला, त्यात माझी बायको होती, पांढऱ्या बुटांत.

“हं, सांगा,” कारकून आता भरभर बोलत होते, कारण मंजुरीनंतर मी बहुधा इथलाच ठरणार होतो. “सगळ्यांसमोर तोंडी सांगायचं, मी इथला. की रंगारी अक्षरं बदलेल.”

“सांगा काका, लवकर सांगा,” पाहुणे म्हणाले. “माझी छोटी परवा विचारत होती, बाबा, आपण हसणं का बंद केलं?”

बस्स, दोनच शब्द होते. मी इथला. जन्मभर ते मी उगाचच, कोणी न विचारता, रांगेत, बसमध्ये, समितीत म्हणत आलो होतो. आता विचारत होते, शिडी लावून विचारत होते. मी बायकोकडे पाहिलं.  तिच्या बाजूच्या बाईने तिच्या हातात हात घातला होता, आणि तो हात ती आत्ताच सोडवून घेऊ लागली होती. सवयीने. कोणी सोडायच्या आधी आपणच सोडावा, तसा.

 ते पाहून पुढचं वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मला माहीत नाही.

“फलक बरोबर आहे,” मी म्हणालो. “आम्ही बाहेरचे.”

रंगारी म्हणाला, “मग मला कशाला आणलं?” कारकुनांनी तक्रार फाडायची की जपायची यासाठी वर विचारावं लागेल असं सांगितलं. आणि पाहुणे? हा चार वर्षं माझ्या डोक्यावर हसलेला, जिन्यात भेटला की माझी पिशवी उचलणारा भला माणूस पांढराफटक पडला, मग लाल झाला. त्याने गर्दीकडे हात केला.

“पाहिलंत? पाहिलंत? हे बाहेरचे लोक असेच! कुठून कुठून येतात आणि आमचं सगळं बळकावून बसतात!”

गर्दीने सहानुभूतीने माना हलवल्या. फळवाल्यानेसुद्धा हलवली. कोणीतरी “बरोबर बोलताहेत, इथलेच आहेत ते” असं म्हणालं. ते वाक्य कसं म्हणायचं, कोणत्या शब्दावर आवाज चढवायचा, हे मला पाठ आहे, कारण ते माझंच वाक्य आहे. पण ते या बाजूने ऐकायला कसं वाटतं हे मला ठाऊक नव्हतं. मान खाली घालून मी घराकडे वळलो. कान तापले होते.

बायको घोळका सोडून मागून आली आणि माझ्या बरोबरीने चालू लागली.  मग तिने माझा हात हातात घेतला, भर रस्त्यात, जे तिने लग्नानंतर कधी केलं नव्हतं.

“मनावर घेऊ नका,” ती म्हणाली. “पहिली वीस वर्षं जरा जड जातात.”